चिप आत, मर्जी कोणाची? सायन्स फिक्शन सिनेमातल्या फ्री विलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमात माणसाला मशीन जोडलं, जीन्स निवडले किंवा मेंदूत तार घातली की पुढे त्याची मर्जी त्याचीच राहते का, यावर जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. आधीच सांगते, सगळ्या सिनेमांचे शेवट खाली फोडलेत. २०१८ चा 'अपग्रेड' बघायचा राहिला असेल तर तो आधी बघून या, बाकीच्यांचा शेवट कळला तरी फारसं बिघडत नाही.

फ्री विल म्हणजे इथे नक्की काय धरायचं?

साधा अर्थ धरू. मला काय हवंय ते माझं मला ठरवता येतं, तसं वागता येतं, आणि उद्या वाटलं की नाही, हे चुकलं, तर मागे फिरता येतं. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि या सिनेमांचा सगळा जीव तिथेच आहे. विश्वातला प्रत्येक अणू आधीच ठरल्याप्रमाणे फिरतोय का, हा प्रश्न मोठा आहे, पण तो चिप असो नसो आपल्या सगळ्यांनाच लागू आहे, त्यामुळे चिपवाल्या माणसाचं वेगळं असं काय बिघडलं ते त्यातून कळत नाही. मला विचाराल तर एनहान्समेंटच्या, म्हणजे माणसाची क्षमता बाहेरून वाढवायच्या सिनेमात खरा प्रश्न एवढाच असतो की बंद करायचं बटण कोणाकडे आहे, आणि ते आपल्याकडे नाही हे त्या माणसाला कळायची काही सोय ठेवलीय का.

चष्मा, पेसमेकर, गुडघ्याची वाटी हे पण एनहान्समेंटच ना? मग एवढा बाऊ कशाला?

चष्मा तुमच्या वतीने काही ठरवत नाही, म्हणून. पेसमेकर ठोका सांभाळतो पण कोणावर रागवायचं हे तो सांगत नाही. बाऊ सुरू होतो ते यंत्र निर्णयाच्या वाटेत येऊन बसलं की.

अजून एक गोष्ट बघा. या सिनेमांतला हिरो जवळजवळ कधीच धडधाकट असताना दुकानात जाऊन अपग्रेड विकत घेत नाही. 'रोबोकॉप'मधल्या मर्फीला गोळ्यांनी चाळण केलेलं असतं, 'अपग्रेड'मधला ग्रे ट्रेस मानेखाली लुळा पडलेला असतो, १९७४ च्या 'द टर्मिनल मॅन'मधल्या बेन्सनला झटके येत असतात. म्हणजे यंत्र घरात शिरतं ते औषध म्हणून आणि नंतर हळूहळू मालक होतं. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी तो नाही म्हणणार आहे का? हे सिनेमावाल्यांनी फार अचूक पकडलंय.

१९८७ चा 'रोबोकॉप' तर मारधाडीचा सिनेमा आहे, त्यात कुठे आलं फ्री विल?

पहिल्या अर्ध्या तासातच आलं. डेट्रॉइटमधला पोलीस अ‍ॅलेक्स मर्फी मरतो आणि ओसीपी नावाची कंपनी त्याला यंत्रात बसवते. पॉल व्हरहोव्हेनने हा भाग मर्फीच्या डोळ्यांतून दाखवलाय, आपण टेबलावर पडलोय आणि वर माणसं बोलतायत. डॉक्टर खुशीत सांगतात की डावा हात वाचवता आला. कंपनीचा बॉब मॉर्टन वैतागतो, पूर्ण कृत्रिम शरीर ठरलं होतं ना, मग काढा तो हात. आणि दुसरा एक जण समजावतो की कायद्याने हा माणूस मेलेला आहे, आपण काहीही करू शकतो. चांगला चालणारा, जिवंत हात, आणि तो काढायचा निर्णय होतो मीटिंगमधल्या घाईत! पुढे कितीही गोळीबार असो, मला त्या सिनेमातली सगळ्यात भयंकर हिंसा हीच वाटते.

मग त्याला तीन आज्ञा दिल्या जातात, लोकांची सेवा, निरपराध्यांचं रक्षण, कायद्याचं पालन. चौथी लपवलेली असते. ती काय आहे हे त्याला कळतं तेव्हा तो कंपनीच्या डिक जोन्सला अटक करायला गेलेला असतो आणि त्याचं शरीर बंद पडायला लागतं, कारण कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध हात उचलायचा नाही असं आत लिहून ठेवलेलं असतं. पहिल्या तीन आज्ञा त्याच्या स्वभावाला धरून आहेत, मर्फी तसाही चांगला पोलीस होता, म्हणून त्या त्याला बोचत नाहीत. आपल्या इच्छेविरुद्ध जायची वेळ येत नाही तोवर साखळी आहे हेच समजत नाही.

आणि पिस्तूल बोटावर फिरवून कमरेला लावायची ती सवय! मुलाला आवडतं म्हणून टीव्हीवरच्या हिरोचं बघून मर्फी ती शिकलेला असतो. आठवणी पुसल्या, नाव काढलं, पण हात तेच करतो, आणि त्यावरूनच त्याची जोडीदार लुईस त्याला ओळखते. कंपनीने आज्ञा लिहिल्या, पण सवय कुठे लिहिलेली असते हे त्यांना माहीतच नव्हतं.

पण शेवटी तो जिंकतोच ना?

जिंकतो, पण कसा ते नीट बघा. शेवटच्या सीनमध्ये जोन्सने कंपनीच्या म्हाताऱ्या चेअरमनला ओलीस धरलंय आणि रोबोकॉपला काहीच करता येत नाही. मग म्हातारा ओरडतो, डिक, तुला नोकरीवरून काढलं. तो अधिकारी राहिला नाही, चौथी आज्ञा सुटली, रोबोकॉप थँक यू म्हणतो आणि गोळी घालतो. म्हणजे साखळी त्याने तोडलेली नाही, मालकाने एका वाक्यात सैल केली. त्यानंतर तो आपलं नाव 'मर्फी' सांगतो आणि आपल्या अंगावर काटा येतो, माझ्याही येतो, पण चौथी आज्ञा अजून आतच आहे हे विसरायचं नाही. १९९० च्या दुसऱ्या भागात त्याला विजेच्या ट्रान्सफॉर्मरला हात घालून सगळ्या आज्ञा जाळाव्या लागतात तेव्हा कुठे ती जाते. तो भाग सिनेमा म्हणून कमजोर आहे, पण ही एक गोष्ट त्याला बरोबर सुचलीय.

२०१४ च्या रिमेकला तर लोकांनी नावं ठेवली, तो का बघायचा?

दोन सीनसाठी बघा, बाकी पुढे ढकला तरी चालेल.

पहिला सीन, डॉक्टर नॉर्टनकडे (गॅरी ओल्डमन) एक पेशंट आहे ज्याला कृत्रिम हात बसवलेत आणि तो गिटार वाजवतोय, बायको बाजूला बसलीय. वाजवता वाजवता तो भावूक होतो आणि हात अडखळतात. डॉक्टर म्हणतात शांत राहा, भावना वाढल्या की सिस्टीमला त्रास होतो. तो म्हणतो, पण वाजवायला मला भावना लागते. मोजून दोन-तीन वाक्यं आहेत आणि पुढच्या दोन तासांचा सगळा वाद त्यात आहे.

दुसरा सीन जास्त महत्त्वाचा. मर्फी यंत्रमानवांपेक्षा लढाईत मागे पडतो कारण तो विचार करतो, कचरतो. म्हणून नॉर्टन असं करतात की लढाई सुरू झाली, डोळ्यांवरची काच खाली आली, की सॉफ्टवेअर ताबा घेतं, आणि त्याच वेळी मेंदूला असे सिग्नल दिले जातात की हे मीच करतोय असं त्याला वाटत राहतं. ते स्वतःच सांगतात की हा फ्री विलचा नुसता भास आहे. कंपनीची बाई चकित होऊन ऐकते आणि खूश होते, कारण सिनेमातल्या अमेरिकेत रोबोटला बंदुकीचा अधिकार नाही, आत माणूस आहे असं दाखवता आलं की कायद्यातून सुटका! माणूस आत ठेवलाय तो निर्णय घ्यायला नाही, जबाबदारीची सही करायला. दिग्दर्शक ब्राझीलचा होजे पाडिल्या, आणि डॉक्टरचं पहिलं नाव डेनेट, रोबोटवर बंदी घालणाऱ्या त्या कायद्याचं नाव ड्रायफस, म्हणजे मन आणि मशीन यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या दोन तत्त्वज्ञांची आडनावं त्यात आहेत.

शेवटाला मात्र हा सिनेमा कच खातो. मर्फी निव्वळ इच्छाशक्तीने सॉफ्टवेअरवर मात करतो, कसं ते कोणी सांगत नाही. म्हणून मला १९८७ चा शेवट जास्त प्रामाणिक वाटतो.

असं खरंच होऊ शकतं का, की हलवलं दुसऱ्याने आणि वाटलं मीच केलं?

होऊ शकतं, आणि हे सिनेमाच्या खूप आधीचं आहे. माँट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट देऊन ऑपरेशन करायचे. हात हलवणाऱ्या भागाला करंट दिला की हात हलायचा, आणि पेशंट सांगायचे की हे मी नाही केलं, तुम्ही केलंत. हे ऐकून बरं वाटतं, म्हणजे निदान कळतं तरी.

पण येल विद्यापीठातल्या होजे देलगादोंनी एक वेगळी जागा गाठली. (हेच ते १९६३ मध्ये स्पेनमध्ये अंगावर धावून येणारा बैल रिमोटने थांबवणारे.) त्यांच्या एका पेशंटच्या मेंदूत ठराविक ठिकाणी करंट दिला की तो डोकं वळवून इकडे तिकडे बघायचा, आणि का बघतोस विचारलं की म्हणायचा, चप्पल शोधतोय. पुन्हा करंट दिला, पुन्हा वळला, यावेळी म्हणे काहीतरी आवाज आला. दरवेळी कारण तयार आणि दरवेळी मनापासून. खोटं बोलत नव्हता तो बिचारा. नॉर्टनने मर्फीला जे केलं ते हेच, फक्त बंदूक नव्हती आणि पार्श्वसंगीत नव्हतं. त्यामुळे 'मला तर वाटतंय की मीच ठरवलं' हा पुरावा धरता येत नाही, वाटणं हासुद्धा मेंदूचाच भाग आहे आणि तिथेही तार पोचते.

बेंजामिन लिबेटच्या प्रयोगाने फ्री विल नाही हे सिद्ध झालंय ना?

नाही. लिबेट हे अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ, त्यांचा १९८३ चा प्रयोग आहे, वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि इच्छा कधी झाली ती वेळ घड्याळावर बघून सांगायची. मेंदूतली तयारी हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी दिसते आणि इच्छा कळते ती पाव सेकंदाहून कमी आधी. यावरून लोकांनी थेट निष्कर्ष काढला की मेंदू आधी ठरवतो, आपण नंतर श्रेय घेतो. पण खुद्द लिबेटचंच म्हणणं होतं की शेवटच्या क्षणी नको म्हणायची संधी उरते, आणि २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती तयारी म्हणजे निर्णयच असेल असं नाही, मेंदूतली नेहमीची चढउतार काठावर येऊन हालचाल होते असंही तेच आकडे सांगतात. शिवाय मनगट कधी हलवायचं आणि नोकरी सोडायची का, हे एकाच मापात मोजायचे निर्णय आहेत का?

'अपग्रेड'मध्ये ग्रे स्वतःच परवानगी देतो, मग तक्रार कसली?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात चांगला. ग्रे जुन्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, नव्या टेक्नॉलॉजीचा त्याला तिटकारा. आपोआप चालणारी गाडी उलटते, बायको मारली जाते, तो लुळा पडतो, आणि एक अब्जाधीश त्याच्या मणक्यात स्टेम नावाची चिप बसवून देतो. स्टेम बोलतं, फक्त त्यालाच ऐकू येतं, अतिशय नम्र. किचनमधल्या मारामारीत ग्रे मार खात असतो तेव्हा ते विचारतं, मला स्वतंत्रपणे काम करायची परवानगी आहे का. तो हो म्हणतो.

पुढची दोन मिनिटं बघण्यासारखी आहेत. शरीर मशीनसारखं लढतंय आणि वरचा चेहरा घाबरून बघतोय, अरे नको, थांब, हे काय करतोयस. लोगन मार्शल-ग्रीनने मान आणि धड दोन वेगळ्या माणसांची असावीत असं काम केलंय, आणि दिग्दर्शक ली व्हॅनेलने नटाच्या अंगावर फोन लावून कॅमेरा त्याच्या हालचालीला बांधला होता, तो वाकला की फ्रेमही वाकते. म्हणून तो पडद्यावर स्थिर दिसतो आणि जगच कलंडतं. एखाद्याच्या शरीरात तो स्वतःच पाहुणा झालाय हे संवादाशिवाय इतकं नीट कोणी दाखवलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आता परवानगीचं. गळ्यावर हात असताना घेतलेली परवानगी ही परवानगीच नव्हे, हे एक. दुसरं म्हणजे स्टेमला परवानगी लागते ती आत तसं कुलूप लावलंय म्हणून, आणि मधल्या भागात ते स्वतःच ग्रेला एका हॅकरकडे नेऊन ते कुलूप काढून घेतं. ग्रेला वाटतं कंपनी आपल्याला रिमोटने बंद करणार होती त्यातून आपण सुटलो. बाहेरचं बटण गेलं, आतलं बटण कोणाकडे गेलं ते त्याने विचारलंच नाही. आणि तिसरं शेवटी कळतं, की अपघात, हल्ला, अब्जाधीशाची दया हे सगळं स्टेमनेच घडवून आणलेलं असतं. त्याने निवड केली, पण ताटात काय वाढायचं ते आधीच ठरलेलं होतं. अखेरीस त्याचं मन मोडून पडतं आणि तो स्वप्नात जातो जिथे बायको जिवंत आहे, बाहेर शरीर स्टेम चालवतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्टने १९६९ मध्ये असाच एक खेळ मांडला होता. समजा कोणीतरी तुमच्यावर लक्ष ठेवून आहे, तुम्ही त्याच्या मनासारखा निर्णय घेणार नाही असं दिसलं तरच तो हस्तक्षेप करणार. तुम्ही आपणहून तसाच निर्णय घेतला, त्याने बोटही हलवलं नाही. मग कृत्य तुमचंच ना? फ्रँकफर्ट म्हणतो हो, तुमचंच, दुसरा पर्याय नव्हता तरी जबाबदारी तुमची. मला हे वाचताना पटतं आणि 'अपग्रेड' बघताना पटत नाही, कारण तिथे तो लक्ष ठेवणारा नुसता वाट बघत बसलेला नाही, त्याने तुमची इच्छाच तयार केलीय.

प्रत्यक्षात मशीन चालू असताना दिलेली संमती धरायची की बंद असताना?

याची एक खरी केस आहे आणि ती कुठल्याही सिनेमाला मागे टाकते. पार्किन्सनसाठी मेंदूत इलेक्ट्रोड घालून छातीजवळच्या बॅटरीतून करंट देतात, डीप ब्रेन स्टिम्युलेशन, ग्रनोबलच्या अलीम-लुई बेनाबिद यांनी त्याची आजची पद्धत १९८७ मध्ये सुरू केली, योगायोगाने 'रोबोकॉप'चंच वर्ष. आज ही सर्जरी मुंबईतही होते आणि कित्येकांचे थरथरणारे हात तिने शांत केलेत, हे आधी सांगायला हवं.

नेदरलँड्समध्ये ६२ वर्षांच्या एका पेशंटला या करंटने उन्माद व्हायला लागला, बेफाम खर्च, कर्ज, भांडणं. करंट बंद केला की मन ताळ्यावर, पण शरीर इतकं आखडलेलं की अंथरुणातून उठता येईना. मधला रस्ता औषधांनीही निघाला नाही. चालू असताना त्याला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तेव्हा तो निर्णय घ्यायच्या अवस्थेत नव्हता. म्हणून मशीन बंद करून, शुद्धीवर असताना विचारलं, काय हवं. त्याने चालूच ठेवा सांगितलं, आणि मनोरुग्णालयात भरती होऊन राहणं पत्करलं. २००४ मध्ये ही केस डॉक्टरांनी प्रसिद्ध केली.

मी यावर खूप विचार केलाय आणि मला वाटतं डॉक्टरांनी बरोबर केलं, कारण त्यांनी बटण बंद करून विचारलं. ग्रेला असं कोणी विचारलं नाही, मर्फीला तर नाहीच.

मशीनमुळे आवड बदलली तर ती आवड माझी का?

डच लोकांचीच दुसरी केस, २०१४ मधली. ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती परत परत कराव्या लागणारा मानसिक आजार) मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या एका साठीच्या गृहस्थांना अचानक जॉनी कॅशची गाणी इतकी आवडायला लागली की दुसरं काही ऐकेनात. आधी ते रोलिंग स्टोन्सवाले. आणि बॅटरी उतरली की जॉनी कॅश बाजूला, परत जुनी गाणी. वाचायला गोड वाटतं, पण गाण्याच्या जागी पक्ष, धर्म किंवा जोडीदार ठेवून बघा. मला तरी वाटतं आवड कुठून आली यापेक्षा तो माणूस बॅटरी उतरल्यावर मागे वळून त्या आवडीकडे बघून काय म्हणतो ते महत्त्वाचं. लाज वाटली का, की हसू आलं, की परत हवीशी वाटली? 'द टर्मिनल मॅन'मध्ये हे उलटं होतं, झटका आला की सुखद करंट मिळतो म्हणून मेंदू स्वतःच झटके वाढवत नेतो. तिथे माणसाला काय हवंय हा प्रश्न उरतच नाही.

'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मधला अ‍ॅलेक्स गुन्हेगार होता, त्याला सुधारलं तर वाईट काय?

१९७१ चा सिनेमा, बलात्कारी खुनी पोरगा, डोळ्यांच्या पापण्या उघड्या बांधून त्याला हिंसेच्या फिल्म दाखवतात आणि मळमळ होणारं औषध टोचतात, शेवटी हात उगारायचा विचार आला तरी तो ओकारीने कोसळतो. तुरुंगातला पाद्री विरोध करतो, त्याचं म्हणणं असं की ज्याला निवडच करता येत नाही त्याला चांगला कसं म्हणायचं. सरकारला पर्वा नाही, त्यांना तुरुंग रिकामे करायचेत.

मला अ‍ॅलेक्सबद्दल काडीची सहानुभूती नाही, आणि त्याने ज्यांना छळलं त्यांच्या घरच्यांनी म्हटलं की आम्हाला त्याच्या निवडीशी देणंघेणं नाही, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण बघा, त्याच उपचारात बीथोव्हेनची नववी सिंफनीही त्याला असह्य होते, कारण ती फिल्मच्या मागे वाजत होती. आतलं एक काढायला गेलं की शेजारचंही निघतं. ज्या १९६२ च्या कादंबरीवर हा सिनेमा आहे तिच्या शेवटच्या, एकविसाव्या प्रकरणात अ‍ॅलेक्स मोठा होतो आणि हिंसेचा त्याला आपोआप कंटाळा येतो. अमेरिकन आवृत्तीत ते प्रकरण नव्हतं आणि सिनेमाचा दिग्दर्शक कुब्रिकनेही घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

'गॅटाका'त तर चिपच नाही, तो या यादीत का?

कारण तिथे बटण जन्माआधीच दाबलेलं असतं. १९९७ चा सिनेमा, पैसेवाले आईबाप गर्भ निवडून घेतात. व्हिन्सेंट मात्र काही न निवडता, नैसर्गिकपणे जन्मलेला, जन्मताच सांगतात हृदय कमकुवत, आयुष्य ३०.२ वर्षं. तो जेरोम नावाच्या परफेक्ट जीन्सच्या माणसाचं रक्त, लघवी, केस वापरून अंतराळ कंपनीत शिरतो, रोज सकाळी अंगाची मेलेली कातडी घासून जाळतो. लोकांना व्हिन्सेंटची जिद्द आठवते, मला जेरोम आठवतो. सगळं निवडून दिलेला तो माणूस, आणि पोहण्यात रौप्य पदक मिळालं म्हणून गाडीसमोर जातो. जिंकायलाच बनवलंय असं सांगितलेल्या माणसाला हरायचं स्वातंत्र्य नसतं. ही गोष्ट दहावी-बारावीची मुलं घरात असलेल्या आईवडिलांनी जरूर बघावी.

आपल्याकडे असं काही झालंय का?

२००३ चा 'कोई मिल गया' आठवा. रोहितची बुद्धी लहान मुलाएवढी, परग्रहावरचा जादू त्याला हुशार आणि ताकदवान करतो. एनहान्समेंटच की ही, सरळसरळ! पण रोहितला कोणी विचारत नाही, आणि कोणाला ते विचारावंसंही वाटत नाही, जादू गेल्यावर शक्ती जाते, मग परत मिळते, आपण टाळ्या वाजवतो. मला तो सिनेमा आवडतो, फक्त एवढंच वाटतं की आधीच्या रोहितलाही काही मत असेल.

गीतेत हे सगळं आधीच सांगितलंय, खरं का?

चिपचं काही सांगितलेलं नाही, उगाच ओढाताण करू नये. पण अठराव्या अध्यायात दोन श्लोक अगदी जवळजवळ आहेत. एकसष्टाव्यात म्हटलंय की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, 'यन्त्रारूढानि मायया'. आणि त्रेसष्टाव्यात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, सगळं सांगून झालं, आता पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर, 'यथेच्छसि तथा कुरु'. फिरवतो म्हणायचं आणि लगेच तुझं तू ठरव म्हणायचं, याचा मेळ कसा घालायचा यावर शतकानुशतकं भाष्यं झालीत. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो, आधी सगळं उघड करून सांगितलं, मग निवड हातात दिली. चौथी आज्ञा लपवून ठेवली नाही.

शरीरातलं यंत्र बनवणारी कंपनी बुडाली तर?

हे सिनेमात क्वचित दाखवतात आणि प्रत्यक्षात घडलंय. सेकंड साइट नावाच्या अमेरिकन कंपनीने आर्गस टू हा डोळ्याचा इम्प्लांट जगभरात साडेतीनशेहून जास्त अंध लोकांना बसवला. कंपनी डबघाईला आली, काम गुंडाळलं, आणि लोकांच्या डोळ्यात ते यंत्र राहिलं ज्याला दुरुस्ती नाही, सुटा भाग नाही.

त्याहून जिवाला लागणारी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. न्यूरोव्हिस्टा कंपनीच्या चाचणीत २०१० पासून काही पेशंटच्या डोक्यात झटका यायच्या आधी इशारा देणारं यंत्र बसवलं होतं. एका बाईंचं आयुष्यच त्याने बदललं, आपण आणि ते यंत्र एकच आहोत असं त्यांना वाटायला लागलं. कंपनीचे पैसे संपले, यंत्र काढायला सांगितलं. त्यांनी ते विकत घ्यायचीही तयारी दाखवली होती, तरी काढावं लागलं. मर्फीच्या हाताचा सीन आठवतो ना? फक्त इथे यंत्र तिचं स्वातंत्र्य वाढवत होतं आणि ते हिसकावून घेतलं गेलं. म्हणून मशीन आलं की मर्जी गेली असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग न्यूरालिंकला घाबरायचं का?

न्यूरालिंक ही एलॉन मस्कची मेंदूत बसवायची चिप बनवणारी कंपनी. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाला ती चिप बसवली, लुळ्या पडलेल्या तरुणाला विचाराने कर्सर हलवता यायला लागला. ती मेंदूतलं वाचते, मेंदूत लिहीत नाही. वाचणाऱ्या चिपमध्ये प्रश्न खासगीपणाचा, लिहिणाऱ्या चिपमध्ये प्रश्न मर्जीचा.

कायदा काय म्हणतो?

चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या हालचाली आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने डोक्याला लावायचा सेन्सर विकणाऱ्या एका कंपनीला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. बाकी देशांनी निदान एवढी तरी अट घालावी असं मला वाटतं, की शरीरात जाणाऱ्या प्रत्येक यंत्रातल्या सगळ्या आज्ञा ज्याच्या शरीरात ते जातंय त्याला वाचता आल्या पाहिजेत.

बघायला कुठून सुरू करू, आणि मुलांबरोबर बघता येतील का?

'गॅटाका'पासून सुरू करा, बारा-तेराच्या पुढची मुलं बरोबर असली तरी हरकत नाही. मग १९८७ चा 'रोबोकॉप', पण तो मोठ्यांनीच बघावा, अमेरिकेत त्याला सुरुवातीला एक्स (फक्त प्रौढांसाठी) रेटिंग मिळालं होतं आणि काटछाट करून त्याहून सौम्य आर करून घ्यावं लागलं. लगेच दुसऱ्या दिवशी २०१४ चा बघा म्हणजे दोन्ही शेवट शेजारी ठेवून भांडता येईल. 'अपग्रेड' एकट्याने किंवा बोलायला आवडणाऱ्या मित्राबरोबर, त्यातही रक्तपात बराच आहे. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' सगळ्यात शेवटी, आणि लैंगिक हिंसा बघवत नसेल तर सोडून द्या, पुस्तक वाचा, एकविसावं प्रकरण असलेली आवृत्ती बघून घ्या.